टी पार्टी: चहापान की चहाबुडवी?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरचा एक लेख मी मराठीत करते आहे. 'बॉस्टन टी पार्टी'ला 'बॉस्टनचे चहापान' म्हटले तर चालेल का? पूर्ण वाक्य असे आहे: 'चहावरील करवाढीच्या निषेधार्थ १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टनचे चहापान घडले.' एका परिचितांनी 'चहाची मेजवानी' सुचवले आहे."

मेजवानी तर नकोच, पण चहापानही नको. त्या रात्री बॉस्टनच्या लोकांनी जहाजांवरचा चहा बंदरात बुडवला, कुणी प्यायला नाही. एका गड्याने कोटात चहा कोंबून घरी न्यायचा घाट घातला, तर त्याच्याच साथीदारांनी त्याला पकडून चोप दिला. शिवाय मराठी वाचकाच्या डोक्यात चहापान म्हणजे अधिवेशनाच्या आदल्या दिवशीचे मुख्यमंत्र्यांचे चहापान, ज्यावर विरोधकांनी बहिष्कार टाकायचा असतो. बहिष्काराचा धागा जुळतो खरा, पण तेवढ्यावर भागत नाही.

मुळात इंग्रजीतले नावही त्या काळचे नाही. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने दुसऱ्या दिवशी रोजनिशीत या प्रकाराची तोंड भरून स्तुती केली, पण तिथे शब्द आहेत 'चहाचा नाश' अशा अर्थाचे. पुढची पन्नासेक वर्षे लोक असेच काहीतरी म्हणत. 'टी पार्टी' छापात येऊ लागले ते १८२०-३० च्या सुमारास, त्या रात्रीचे उरलेसुरले म्हातारे आठवणी सांगू लागले तेव्हा. म्हणजे नाव थट्टेचे आहे आणि मागाहून चिकटलेले आहे. त्यात इंग्रजी 'पार्टी' म्हणजे जेवणावळही आणि माणसांची टोळीही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या करविरोधी उजव्या मंडळींनी 'टी पार्टी' हे नाव घेतले तेव्हा तिला राजकीय पक्षाचाही वास आला, जरी ती चळवळ पक्ष म्हणून नोंदलेली नव्हती. आपल्याकडे पार्टी म्हणजे वाढदिवसाची, निवडणुकीतली आणि दुकानदाराच्या तोंडची ("पार्टी चांगली आहे, उधारी बुडणार नाही"). हा सगळा गुंता एका मराठी नामात उतरवायचा हट्ट कशाला?

पण त्या दुकानदाराच्या वाक्यातले क्रियापद मात्र सोडू नका. 'बुडवणे'. पाण्यात बुडवतात, तसे कर्ज बुडवतात, जकात बुडवतात. धंदा बुडतो, पेढी बुडते. १७७३ ची सारी गोष्ट या एका धातूत मावते. दुसऱ्या कुठल्या भाषेला हे इतके सहज जमत असेल असे मला वाटत नाही (आता हा माझा अभिमान म्हणा).

आधी बुडायला आली ती ईस्ट इंडिया कंपनी. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा हक्क, मिळाल्यावर लंडनमध्ये तिचे शेअर चढले, लाभांश वाढले. मग १७६९-७० चा दुष्काळ. बंगालचे एक तृतीयांश लोक मेले, असा अंदाज पुढे खुद्द वॉरन हेस्टिंग्जने दिला. तरीही सारावसुली सैल झाली नाही. पण लष्करी खर्च, अधिकाऱ्यांची लूट आणि युरोपातली मंदी यांच्यापुढे ती वसुली पुरी पडेना. १७७२ मध्ये कंपनी मदतीसाठी ब्रिटिश सरकारच्या दारात उभी राहिली. लंडनच्या वखारींत पावणेदोन कोटी पौंड वजनाच्या आसपास चहा पडून होता. सगळा चीनचा. आसामच्या मळ्यांतला चहा लंडनला पोहोचायला अजून साठ-पासष्ट वर्षे होती, तेव्हा लेखासोबत चित्र द्याल तर मळ्यात टोपल्या घेतलेल्या आसामी बायकांचे देऊ नका.

कंपनी बुडू नये म्हणून पार्लमेंटने १७७३ मध्ये तीन गोष्टी केल्या. १४ लाख पौंडांचे कर्ज दिले. नियामक कायदा (रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट) केला, जो स्पर्धा परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मराठी मुलाला पाठ असतो. आणि चहाचा कायदा केला, जो त्याच पुस्तकात सहसा नसतो. ही तीन भावंडे आहेत. नियामक कायद्याने मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या हाताखाली आणले. म्हणूनच राघोबादादांशी मुंबईकरांनी १७७५ मध्ये केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने झिडकारला आणि १७७६ चा पुरंदरचा तह झाला. बॉस्टनच्या धक्क्यावरची खोकी आणि पुरंदर यांच्या मागे एकच बुडती कंपनी आहे. नारायणराव पेशव्यांचा खून आणि बॉस्टनची घटना यांत जेमतेम साडेतीन महिन्यांचे अंतर आहे, हेही जाता जाता.

आता तुमच्या वाक्यातली खरी चूक: 'करवाढ'. चहाच्या कायद्याने कर वाढला नाही, उलट चहा स्वस्त झाला. पौंडामागे ३ पेन्सची जकात १७६७ पासून होतीच. नव्या कायद्याने कंपनीला इंग्लंडमधला कर परत मिळू लागला आणि आपल्या निवडक आडत्यांमार्फत थेट अमेरिकेत माल विकायची मुभा मिळाली. बॉस्टनचे बरेच व्यापारी डच चहा चोरून आणत, म्हणजे जकात बुडवत. कंपनीचा चहा त्या चोरट्या चहाहूनही स्वस्त पडणार होता. तो घेतला की ३ पेन्स आपोआप भरले जाणार, आणि जिथे आपला एकही प्रतिनिधी नाही त्या पार्लमेंटचा कर लावायचा हक्क चहासोबत घशाखाली उतरणार. राग किमतीचा नव्हता, हक्काचा होता. त्यात व्यापाऱ्यांचा पोटाचा प्रश्नही मिसळलेला होता, आणि तो लपवायचे कारण नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने तर त्याच सुमारास टोपणनावाने लिहिले की या कंपनीने आशियात काय केले ते पाहा, लाखो माणसे उपाशी मेली, आता तिची नजर आपल्यावर आहे. बंगालची भूक बॉस्टनच्या वादात अशी आली होती. शालेय पुस्तकांत ती क्वचितच दिसते.

तर १६ डिसेंबरला मोहॉक या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांचे सोंग घेतलेली शंभरावर माणसे तीन जहाजांवर चढली आणि तीनेक तासांत ३४२ खोकी फोडून समुद्रात रिकामी केली. सुमारे ४२ टन चहा. कंपनीच्या हिशेबाने ९,६५९ पौंड किमतीचा. 'चहाला जलसमाधी' हा वर्तमानपत्री शब्द तुम्हाला मोहात पाडेल. पण ओहोटी होती, चहाचे ढीग जहाजांना टेकून साचले, ते ढकलावे लागले. इतक्या खटपटीने घडवावी लागली ती कसली समाधी? 'विसर्जन' गमतीचे आहे. 'पुढच्या वर्षी लवकर या'ही लागू पडते, कारण मार्च १७७४ मध्ये बॉस्टनकरांनी आणखी एका जहाजावरचा चहा बुडवला. पण विसर्जनात भक्ती असते, ती इथे नाही.

'होळी' मात्र नीट समजून वापरायला हवी. नासधुशीला सणाचे नाव देण्याची जी खोड 'टी पार्टी'त आहे, ती मराठीत होळीने कधीच पुरी केली: १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, ती आपण त्याच नावाने ओळखतो. पण होळीला जाळ लागतो. तो लागला अ‍ॅनापोलिसला, ऑक्टोबर १७७४ मध्ये, 'पेगी स्ट्युअर्ट' हे जहाज चहासकट पेटवले तेव्हा. आणि ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्गला गांधीजींच्या पुढाकाराने हिंदी लोकांनी नोंदणीपत्रे कढईत जाळली, तेव्हा एका इंग्रजी पत्राच्या बातमीदाराने या कृत्याची तुलना बॉस्टन टी पार्टीशी केली. गांधीजींनी ती तुलना नोंदून ठेवली आहे. म्हणजे विलायती बातमीदाराला जी टी पार्टी दिसली, ती मराठीत होळी. पुढे १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडला, शिरोड्याच्या आगरांवर लोकांनी मार खाल्ला, पण त्याला कुणी मिठाची मेजवानी म्हटले नाही. तिथे सत्याग्रह हा शब्द तयार होता आणि लढणाऱ्यांनीच तो दिला होता. बॉस्टनच्या मंडळींनी आपल्या कृत्याला नाव दिलेच नाही, म्हणून नातवंडांच्या पिढीने दिलेले चिकटले.

माझे मत: विशेषनाम म्हणून 'बॉस्टन टी पार्टी' तसेच ठेवा, देवनागरीत. मजकुरात 'चहा बुडवला' म्हणा, आणि नाम हवेच असेल तर 'चहाबुडवी' करून बघा. करबुडवीच्या शेजारी ते परके वाटत नाही. 'कर'ऐवजी 'जकात' जास्त नेमके, कारण ती आयात मालावरची होती. वाक्य मी असे करीन:

"जकात वाढली म्हणून नव्हे, तर ती लावण्याचा पार्लमेंटचा हक्कच मान्य नसल्याने, बॉस्टनच्या लोकांनी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बंदरात बुडवला; हीच पुढे 'बॉस्टन टी पार्टी' म्हणून ओळखली गेली."

लांबले आहे खरे. संपादक कात्री लावतील, तेव्हा 'पुढे' तेवढे वाचवा.