चौथं प्रकरण मोड

प्रिय,

प्रबंधाबद्दलचा तुझा मेल रात्री वाचला आणि झोप उडाली. अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धात जग वाचवलं असं मांडू, की स्वतःच्याच जपानी वंशाच्या नागरिकांना काटेरी तारेआड कोंडलं असं? सर म्हणतात, एक बाजू धर. आणि तू घाबरून पहिलं प्रकरण 'आघाडी' आणि चौथं 'घरची परिस्थिती' असं करून टाकलंस. अगं, गोंधळ तिथेच आहे. घर आणि आघाडी एकाच पानावर लिही.

१९ फेब्रुवारी १९४२ चा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश, क्रमांक ९०६६, आणि त्यापायी घरातून उठवून छावण्यांत धाडलेली जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं. हे तुझ्याकडे आहेच. आता छायाचित्रकार डोरोथिया लँजनं काढलेले त्या रवानगीचे फोटो नीट बघ. हातात मावेल तेवढंच सामान न्यायची परवानगी होती. लहान पोरांच्या कोटाला कुटुंबाच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधलीय, तसलीच चिठ्ठी बॅगेलाही. त्या फोटोपाशी थांब. घाई करू नकोस.

मग छावण्यांतल्या लोकांकडून भरून घेतलेली १९४३ ची ती निष्ठेची प्रश्नावली घे. प्रश्न २७: हुकूम होईल तिथे लढायला जाशील का? प्रश्न २८: अमेरिकेशी निष्ठा राखून जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडशील का? कॅलिफोर्नियात जन्मलेल्या पोरानं जी निष्ठा कधी वाहिलीच नाही, ती सोडायची कशी? तरी 'होय' लिहून कित्येकजण जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये गेले. ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस फ्रान्सच्या व्होज डोंगरात जर्मनांच्या वेढ्यात सापडलेल्या टेक्सासच्या तुकडीतले २११ जण त्यांनी सोडवले. त्यापायी त्यांचे स्वतःचे मेलेले आणि जखमी त्याहून कितीतरी जास्त. त्याच वर्षी हार्ट माउंटन छावणीतले ६३ तरुण म्हणाले, आधी आम्हाला नागरिकाचे हक्क परत द्या, मग सैन्यात बोलवा. ते तुरुंगात गेले. आता सांग, यातलं घर कुठलं आणि आघाडी कुठली? एकाच पानावर, म्हणते ते यासाठी.

'समतोल मांडणी' हा शब्द आराखड्यात तीनदा आलाय. काढून टाक. तागडी घेऊन बसायचं नाहीये आपल्याला.

एवढी तळमळ का, तेही सांगते. माझ्या प्रबंधात छावण्या परिशिष्टात गेल्या. मार्गदर्शक म्हणाले विषयांतर होतंय, आणि मी मान डोलावली. फेलोशिप संपत आली होती, घरात पगार एकाचाच, पदवी हातात हवी होती. दुसरं काय करणार होते मी? अजूनही स्वतःला हेच विचारते. पण ते परिशिष्ट कुणीच उघडलं नाही. तोंडी परीक्षेत त्यावर एक प्रश्न आला नाही. चाळीस पानं होती ती, आणि माझं सगळ्यात चांगलं लिखाण त्यातच होतं.

तुझ्याकडे अजून आठ महिने आहेत. सरांशी वाद घालावा लागेल, घाल. नाहीच ऐकलं तर मी बोलेन त्यांच्याशी.

रविवारी सकाळी ये. चौथं प्रकरण मोडून आण. आधी डिसेंबर १९४४ लिही: १६ तारखेला आर्देनच्या जंगलात जर्मनांचा हल्ला, १८ ला वॉशिंग्टनमध्ये, घर सोडून जाण्याचा हुकूम मोडणाऱ्या फ्रेड कोरेमात्सूची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी कायम केली. मधे नवा परिच्छेदसुद्धा पाडू नकोस.

तुझी,
मॅडम