३ की ८?

प्रिय बाळ,

सप्रेम आशीर्वाद. मालवणच्या जेटीवरून तू काढलेला कुरवाचा (सीगलचा) फोटो चार-चारदा मोठा करून पाहिला. उजव्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं, नंबराचं रंगीत कडं आहे, एवढं नक्की. शेवटचा आकडा ३ की ८, ते मलाही लागत नाही. तर तसंच कळव. ‘बहुधा ८’ लिहू नकोस. मी एकदा लिहिलं होतं. कडं घालणाऱ्यांचं उत्तर आलं, या नंबरचं कडं अजून कुठल्याच पक्ष्याला घातलेलं नाही! तोवर माझी गावभर फुशारकी मारून झाली होती.

एका आकड्यावर केवढं अडतं बघ. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर १९५६ साली पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी लेसान अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या एका मादीला कडं घातलं. खाऱ्या पाण्यानं कडी झिजतात, म्हणून ती वेळोवेळी बदलली गेली. २००२ मध्ये रॉबिन्सनीच तिला पुन्हा पकडलं, पण ही तीच हे कळलं ते जुन्या नोंदी जुळवल्यावर. मधला एक नंबर चुकीचा उतरवला असता तर? ‘विस्डम’ नावाच्या त्या आजीबाईंनी २०२४ च्या अखेरीस पुन्हा अंडं घातलं.

कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली (तो सांधा खरं तर घोटा, पण सगळे गुडघाच म्हणतात), कड्याचा रंग, अक्षरांचा रंग, हे तिथल्या तिथे वहीत उतरव. घरी येईपर्यंत डाव्याचा उजवा होतो. फोटो दोन-तीन बाजूंनी हवेत. त्यासाठी पक्ष्यांना जवळ बोलवायला शेव-गाठी मात्र टाकायची नाही. मुंबईच्या लाँचवर चालतो तो तमाशा पुरे. भरतीआधी वाळूत बसून राहा. पाणी चढेल तसा थवा आपसूक तुझ्याकडे सरकतो.

आणि रापणवाल्यांशी (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी) बोल. कड्याचा पक्षी जाळ्यात मेला, तर चौकशीच्या भीतीनं ते गप्प बसतात, कडं पोरांच्या खेळण्यात जातं. कसा मेला ते विचारू नकोस, नंबराचा फोटो तेवढा माग. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नकोस. सगळं बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळव.

कुरव मार्चपर्यंत तरी हलायचे नाहीत. माझा स्पॉटिंग स्कोप (पक्षी बघायची दुर्बीण) पुढच्या आठवड्यात धाकट्याबरोबर पाठवतो. तिपाई जरा लंगडते, खाली दगड लाव.

तुझा,
काका