आधी बघ, कॉम्प्युटर नेमका कुठे अडतोय

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोटो एडिट करायचं लाइटरूम उघडेपर्यंत चहा होऊन पिऊनही होतो, दुकानदार म्हणतो हा डबा भंगारात घाला आणि गेमिंग लॅपटॉप हप्त्यांवर न्या, आणि तुझे बाबा म्हणतात रॅम वाढवली की भागेल. एवढ्यात दोघांचंही ऐकू नकोस. दुकानदाराला लॅपटॉप खपवायचाय, बाबांना पैसे वाचवायचेत. तुझ्या कामाला काय हवंय हे दोघांनीही विचारलेलं दिसत नाही.

'स्लो झालाय' यावरून काहीच ठरवता येत नाही. कशाला स्लो? निवड करताना एका फोटोवरून पुढच्यावर जायला वेळ लागतो, की डेव्हलपमध्ये, म्हणजे एडिटच्या भागात, स्लायडर ओढला तरी चित्र मागे रेंगाळतं, की फोटोतला नॉइज, म्हणजे रवाळपणा, काढणारं एआयवालं डिनॉइज लावलं की सगळं ठप्प होतं? प्रत्येकाचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं. एक्स्पोर्टला वेळ लागतो ही तक्रार मात्र मी ऐकणार नाही. एक्स्पोर्ट लाव आणि जेवायला जा. त्यासाठी एक रुपया घालू नकोस.

आज रात्री एवढं कर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि ती खिडकी स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवून नेहमीचं काम सुरू कर. काम अडलं की त्या क्षणी कुठला आलेख वर चढलाय ते बघ. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस-तीसवर लोळतोय, तर प्रोसेसर बदलून काय उपयोग? तो बिचारा हार्ड डिस्ककडून फाइल यायची वाट बघतोय. मेमरी नव्वदच्या वर टेकली असेल तर विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर टाकत असतं आणि मग डिस्कही दमते, म्हणून दोन्ही आलेख एकत्र बघ. क्रोमच्या वीस टॅब उघड्या ठेवून ही परीक्षा घेऊ नकोस म्हणजे झालं.

तू लिहिलंस ते मशीन मला डोळ्यांसमोर दिसतंय. मामाच्या ऑफिसातून आलेला ब्रँडेड डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही. त्या हार्ड डिस्कवरच विंडोज, लाइटरूम, कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची आणि एडिटची नोंदवही) आणि सगळे फोटो. माझी पैज आहे, डिस्कचाच आलेख शंभराला टेकणार. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते आणि साध्या साटा एसएसडीचा वेग पाचशेच्या आसपास असतो, पण खरा फरक या आकड्यांत दिसत नाही. लाइटरूमचे प्रिव्ह्यू, म्हणजे फोटो दाखवायला बनवलेल्या छोट्या प्रती, या हजारो बारक्या फायली. हार्ड डिस्कचं डोकं त्या शोधत तबकडीभर हिंडतं, एसएसडीत हिंडायला काही नसतंच. म्हणून आता एक एसएसडी घे आणि विंडोज, लाइटरूम, कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि कॅमेरा रॉची कॅश तिच्यावर ने. कॅश वीस जीबीपर्यंत वाढव. जुन्या रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातले मूळ फोटो, हार्ड डिस्कवर पडून राहिल्या तरी चालतं. पुढे नवीन मशीन घेशील तेव्हा ही एसएसडी तिकडे जाईल किंवा केसमध्ये घालून बॅकअपला लागेल. पैसे वाया जात नाहीत.

खर्चाचं माझं गणित हेच आहे. जो भाग पुढच्या मशीनला उपयोगी पडेल त्यावर बिनधास्त खर्च कर. जो याच डब्याबरोबर मरणार आहे त्याला हात लावू नकोस. तुझ्या मशीनला डीडीआर४ रॅम लागते, नव्याला डीडीआर५ लागेल, आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. त्यामुळे बाबांचा सल्ला एरवी वाईट नसला तरी आत्ता महागात पडेल. कुणाकडे जुनी आठ जीबीची पट्टी पडून असेल तर जरूर घाल, फुकट ते पौष्टिक.

पैसे घालण्याआधी कॅबिनेट मात्र उघड. प्लग काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून ठेव म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. मोरजीला तुमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या, दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही. ती हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये चिकट थर धरून बसते, पंखा घुरघुरत राहतो आणि वारा आत शिरतच नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो मशीन म्हातारं झालं. मऊ ब्रश आणि हवा मारायचा हातपंप घेऊन साफ कर, थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर नवीन लाव. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या बघ. त्यावर काळपट-हिरवट डाग असतील तर पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने फिरव, भुगा झटकून परत बसव. मधेच निळा स्क्रीन येतो म्हणालीस ना, तो यानेही जाईल कदाचित. कॅबिनेटच्या आत पाल मेलेली निघाली तर घाबरू नकोस, आपल्याकडे ते नेहमीचंच. फक्त पॉवर सप्लायचा डबा स्वतः खोलू नकोस.

आता डिनॉइजचं. तुझं निम्मं काम रात्रीचं. बायका दिवजं, म्हणजे दिवे, घेऊन निघतात तो दिवजोत्सव, पालख्या, शिगम्याच्या मिरवणुका, आणि शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमखणातून, म्हणजे निखाऱ्यांतून, जाणारे धोंड, देवीचे व्रतधारी. दिवजांच्या रांगेवर फ्लॅश मारला की त्या उजेडाचा सगळा जीवच जातो, म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून आयएसओ ६४०० वर जाणं आलं, नॉइजही आलाच. अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआयवालं डिनॉइज आणलं तेव्हापासून आपल्यासारख्यांचं मोठं काम झालं. पण ते जवळजवळ सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतं. प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात, आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डावर तेच काम काही सेकंदांत उरकतं. एका जत्रेचे शंभर फोटो करायचे म्हटले की हा फरक रात्र आणि अर्धा तास एवढा होतो.

मग याच मशीनला कार्ड लावावं का? मला नाही वाटत. ऑफिसातून निघालेल्या अशा डेस्कटॉपांत पॉवर सप्लाय बहुधा दोन-अडीचशे वॉटचा असतो, कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्यात नसते, आणि मदरबोर्डकडे जाणारा प्लग बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा, म्हणजे बाजारातला साधा सप्लाय बसत नाही. कॅबिनेटही बुटकं. हे सगळं जुगाड करून जमवलंस तरी प्रोसेसर चार कोअरचाच राहतो. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, सुरक्षा अपडेटची मुदतवाढ तात्पुरतीच, आणि विंडोज ११ तुझ्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. आडवाटेने घालून देणारे म्हापशात पुष्कळ भेटतील. ज्या मशीनवर लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत तिथे ते प्रयोग नकोत.

तेव्हा नवीन मशीन लागणार हे धरून चाल, पण उद्या नाही. दुकानदाराचा लॅपटॉप तर नकोच, आणि त्यातल्या हप्त्यांना माझा जास्त विरोध आहे. पावसाचे चार-पाच महिने आपल्याकडे मुहूर्त नाहीत, काम नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा. दुसरं म्हणजे स्वस्त गेमिंग लॅपटॉपांचे स्क्रीन बघ. पत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबीचे, स्क्रीनच्या नेहमीच्या रंगसंचाचे, साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग. नवरीच्या अंबाड्यातली अबोली त्यावर फिकी, धुतल्यासारखी दिसते. तू सॅच्युरेशन वाढवत जातेस, आणि अल्बम छापून आला की अबोली भगवी झालेली असते, शेजारच्या कपाळावरचं कुंकूही पेटलेलं. गिऱ्हाईक कॉम्प्युटरचा वेग बघायला येत नाही, अल्बम बघतं.

म्हणून एसएसडीनंतर पैसे आले की आधी मॉनिटर घे. चोवीस इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा), एसआरजीबी शंभर टक्के किंवा त्याच्या अगदी जवळ. स्क्रीनचे रंग जुळवायचा कॅलिब्रेटर विकत घेऊ नकोस, माझ्याकडचा ने.

नव्या डेस्कटॉपसाठी माझी पसंती रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरला. त्याच्या एएम५ सॉकेटला (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एएमडीने निदान २०२७ पर्यंत साथ द्यायचं कबूल केलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलून काम होईल. बत्तीस जीबी रॅम हवीच, पण भाव बघता आत्ता सोळाची एक पट्टी घे आणि बाकी खाचा रिकाम्या ठेव. दोन पट्ट्यांनी थोडा वेग वाढतो हे खरं, तो नंतर येईल. आठ जीबीचं आरटीएक्स कार्ड, एक टीबीची एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान एसएसडी, आणि साडेपाचशे-साडेसहाशे वॉटचा चांगल्या कंपनीचा सप्लाय. सप्लायमध्ये काटकसर करणाऱ्याला मी काही शिकवू शकत नाही. कार्ड जुन्या बाजारातून घेणार असशील तर चालू करून, डिनॉइज लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

मॅक मिनीचं विचारलं होतंस. एम४ पासून त्यात निदान सोळा जीबी मेमरी येते, वीज कमी खातो, आवाज जवळजवळ नाही. पण घेशील त्या दिवशी जेवढी मेमरी असेल तेवढीच कायमची. तुझं काम अजून कुठल्या वाटेने जाणार हे ठरलेलं नाही, म्हणून मी तुला उघडता येणारं मशीन सांगतोय. उद्या हॉटेलांतल्या लग्नांत त्याच रात्री फोटो द्यायचं काम मिळू लागलं तर लॅपटॉपचा विचार वेगळा करू.

वेळेचं एक लक्षात ठेव. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि भर हंगामात मशीन बदलणं म्हणजे विकतचं दुखणं. चवथीच्या ऑफरा बघ, पण दसऱ्यापर्यंत मशीन उभं राहिलं पाहिजे म्हणजे चाचणीला महिना मिळेल. कॅटलॉगची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढल्याशिवाय काहीही हलवू नकोस. अडोबीचं लायसन्स दोन मशीनवर चालतं, त्यामुळे जुनं लगेच विकायची घाई नको. कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायला आणि दुसरी प्रत ठेवायला ते पुष्कळ झालं.

आणि यूपीएस. सहाशे व्हीएचा जो आहे तो ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला पुरणार नाही, हजारचा लागेल. ऑक्टोबरात गडगडायला लागलं की त्याच्याही भरवशावर राहू नकोस. प्लग काढ आणि ब्रॉडबँडची केबलही काढ. लोक दुसरी विसरतात.

तोवर एक फुकटचा उपाय सांगतो. फोटो लाइटरूममध्ये आयात करताना स्मार्ट प्रिव्ह्यू (एडिट करता येणाऱ्या हलक्या प्रती) बनवायला सांग आणि लाइटरूमच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये मूळ फोटोऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यूवर एडिट करायची खूण कर. ते २५६० पिक्सेलचे असतात, स्लायडर लगेच हलके होतील. शार्पनिंग तपासताना तेवढी ती खूण काढ.

कॅबिनेट उघडशील तेव्हा पॉवर सप्लायवरच्या स्टिकरचा आणि रॅमच्या खाचांचा फोटो पाठव, टास्क मॅनेजरचाही. मी गुरुवारी म्हापशाला येतोय, एसएसडी बरोबरच घेऊ.

तुझा,
काका