कोट्यातून आली म्हणतील ना?

मीडियात ज्यांच्या समाजातली माणसं फारशी दिसत नाहीत अशा मुलामुलींसाठी काही युनिव्हर्सिट्या खास ट्रेनिंग प्रोग्रॅम चालवतात, आणि तिथे सिलेक्शन झालेली मुलं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात ती बहुतेकदा टेन्शन घेऊनच. मागे एक मुलगी आली (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत), म्हणाली, "मॅडम, नाव लागलंय माझं, पण सगळे म्हणणार ही कोट्यातून आलीये, आणि पुढे मला फक्त आमच्या समाजाच्याच बातम्या देणार."

लोकांकडे लक्ष देऊ नकोस वगैरे मी काही सांगितलं नाही, ते कुणाला जमतं? त्यापेक्षा हे प्रोग्रॅम कशामुळे आले ते सांगितलं. अमेरिकेत १९६७ ला वांशिक दंगली झाल्या, त्यांची कारणं शोधायला सरकारने कर्नर कमिशन नेमलं, आणि १९६८ च्या रिपोर्टात त्यांनी मीडियावर अख्खं प्रकरण लिहिलं, की न्यूजरूममध्ये कृष्णवर्णीय पत्रकार नावालाच आहेत आणि बातम्या गोऱ्यांच्याच नजरेने लिहिल्या जातात. त्याच उन्हाळ्यात कोलंबिया युनिव्हर्सिटीने असं ट्रेनिंग सुरू केलं, तिथेच शिकलेली मिशेल क्लार्क पुढे सीबीएस या अमेरिकन टीव्ही नेटवर्कची रिपोर्टर झाली. खोट न्यूजरूमची होती गं, तुझ्यावर कोण उपकार करतंय?

दुसरी भीती मात्र खरी आहे, असं होतं. म्हणून तिला म्हटलं, कोऑर्डिनेटरला सरळ विचार, मागच्या बॅचची मुलं आता कुठल्या बीटवर (म्हणजे बातम्यांच्या कुठल्या विषयावर) आहेत, बायलाइन (बातमीवर स्वतःचं नाव) मिळते का, लिहिलेली कॉपी, म्हणजे बातमी, कोण तपासतं. सगळी एकाच बीटवर अडकली असतील तर समजून जायचं.

तिने स्वतः लिहिलेली एक बातमी आणली होती, परीक्षा फीची तारीख अचानक अलीकडे घेतली आणि होस्टेलच्या मुलींचे फॉर्म अडकले अशी. मुख्य मुद्दा पार चौथ्या पॅराग्राफमध्ये दडलेला, पण बातमी पक्की. विचारलं, "ही कुठल्या समाजाची बातमी?" ती हसली, "एज्युकेशनची." फॉर्मवर पसंतीचा बीट म्हणून तिने तेच लिहिलं.

आता ती तिथे शिकतेय, इंटर्नशिपचा स्टायपेंड पुरत नाही म्हणून कुरकुरते, आणि बरोबरच आहे तिचं, फुकटात राबायची इंटर्नशिप घरून पैसे येतात त्यांनाच परवडते. तेव्हा ॲडमिशन घ्यायच्या आधी स्टायपेंडचा आकडा मेलवर लेखी मागून घ्या, लाजू नका.