इंग्लंडच्या शाळेचा करार: १२६५ तासांच्या पुढची ओळ आधी वाचा

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राजारामपुरीतल्या विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं नववी-दहावीला गणित-विज्ञान, आता इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेचं ऑफर लेटर हातात, आणि करारात लिहिलंय की पूर्णवेळ शिक्षकाने वर्षाला १९५ दिवस आणि १२६५ तास कामाला उपलब्ध राहायचं. तुम्ही भागाकार केलात आणि विचारलंत, "म्हणजे दिवसाला साडेसहा तासच ना? मग संध्याकाळी इथल्या दहावीच्या पोरांच्या ऑनलाइन शिकवण्या चालू ठेवता येतील का?"

भागाकार बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नाही. मी कसबा बावड्याची. कोल्हापुरात नऊ वर्षं शिकवून २०२१ मध्ये लेस्टरला आले, आणि मीही हाच भागाकार करून आले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१२६५ तास म्हणजे 'डायरेक्टेड टाइम'. मुख्याध्यापक तुम्हाला अमुक वेळी अमुक ठिकाणी हजर राहा असं सांगू शकतात, तो वेळ. १९५ पैकी १९० दिवस मुलांना शिकवायचे आणि ५ दिवस मुलांविना, प्रशिक्षणाचे. इथवर तुम्ही वाचलंय. आता त्याच्या पुढची ओळ वाचा. व्यावसायिक कर्तव्यं नीट पार पाडायला लागतील तेवढे वाजवी जादा तास शिक्षकाने द्यायचे, अशा अर्थाचं वाक्य तिथे असेल. त्या तासांना आकडा नाही. वह्या तपासणं, पाठाची तयारी, चाचण्यांचे गुण भरणं, पालकांना प्रगतीचे अहवाल लिहिणं हे सगळं बहुतांशी त्या बिनआकड्याच्या वाक्यात बसतं. शाळा सुरू असते तेव्हा माझा आठवडा ५० तासांच्या खाली क्वचितच येतो.

आपल्याकडे काय आहे ते आठवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास धरलेत, आणि तयारीचा वेळ त्या ४५ तासांच्या आत आहे. आपल्या कायद्याने तयारीला काम म्हटलंय. इंग्लंडच्या १२६५ मध्ये तयारीचा थोडाच भाग येतो, उरलेली घरी. आपल्या शाळांत तो ४५ चा आकडा किती जणांनी ऐकलाय, हे मात्र तुम्हीही जाणता. आमच्या शाळेत मी नऊ वर्षांत नेमणुकीचा आदेश मागितला तीन वेळा, आणि मिळाला एकदाही नाही. खासगी शाळांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे, लेखी आदेश द्यायचा त्यात नमुनासुद्धा दिलाय. शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथल्या शाळेत शिक्षक आपल्या कामाचा कागद न बघता आयुष्य काढतात, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याचा परिणाम असा होतो की हातात पहिल्यांदाच आठ पानी करार आला की आपण हरखून जातो, पगाराचा आकडा बघतो आणि सही करतो. मीही तेच केलं.

तर माझं काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला बेरीज कशी करायची ते कळेल.

पहिल्या वर्षी मला रोज सकाळी शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं फाटकावर उभं राहायची ड्युटी होती. कोल्हापुरात मी बसड्युटी करायची, स्टॉपवर शेवटचं पोर उतरेपर्यंत, त्यापुढे हे काहीच नाही असं वाटलं. नोव्हेंबरात अंधारात, बोटं बधिर होईस्तोवर उभी राहायची. एके दिवशी इतिहास शिकवणाऱ्या बाई, ज्या शाळेतल्या युनियनच्या प्रतिनिधी होत्या, चहाचा मग घेऊन माझ्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, तुझं कॅलेंडर दाखव. मला कॅलेंडर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. स्टाफरूमच्या फलकावर पिनेने लावलेला, शाळेच्या वर्षभराच्या कामाच्या वेळांचा एक तक्ता त्यांनी काढून आणला आणि पेन्सिलीने मांडणी केली.

शाळा साडेआठ ते सव्वातीन. मधली पाऊण तासाची जेवणाची सुट्टी आपली, ती वजा. उरले सहा तास. गुणिले १९०, झाले ११४०. प्रशिक्षणाचे पाच दिवस, सहा तासांप्रमाणे ३०. पालकसभा सात, प्रत्येकी तीन तास, म्हणजे २१. दर आठवड्याला एक तासाची बैठक, ३८ आठवडे, ३८ तास. एकूण १२२९. शिल्लक ३६. आणि फाटकावरची रोजची पंधरा मिनिटं, १९० दिवस? साडेसत्तेचाळीस तास. म्हणजे माझं वर्ष १२६५ च्या साडेअकरा तास वर चाललं होतं, आणि शाळेच्याही ते लक्षात आलं नव्हतं. बाईंनी तो कागद मुख्याध्यापकांना नेऊन दाखवला. आवाज चढवला नाही, कुणाची तक्रार केली नाही, फक्त बेरीज दाखवली. पुढच्या सोमवारपासून माझी ड्युटी आठवड्याला दोनच दिवस झाली.

सर, मी त्या दिवशी घरी येऊन रडले. साडेअकरा तासांसाठी नव्हे. बेरीज बरोबर असली की वरच्या माणसाला ऐकावं लागतं, हे मी नोकरीत पहिल्यांदा पाहत होते.

म्हणून सही करायच्या आधी शाळेला एक ईमेल करा: चालू वर्षाचं डायरेक्टेड टाइम कॅलेंडर पाठवाल का? हे विचारणं तिथे उद्धटपणाचं समजत नाहीत. ज्या शाळेकडे ते तयार असतं, तिथे बाकीचा कारभारही साधारण सरळ असतो, असं मला दिसलंय. टाळाटाळ झाली तर मुलाखतीत भेटलेल्या विभागप्रमुखांना थेट विचारा की आठवड्याला तासिका किती, बैठका किती, शाळा सुटल्यावर जादा वर्ग सक्तीचे आहेत का.

याच्या आधी एक मोठी गोष्ट तपासा, मी ती उशिरा शिकले. हे सगळे नियम 'स्कूल टीचर्स पे अँड कंडिशन्स डॉक्युमेंट' नावाच्या सरकारी दस्तऐवजातले आहेत. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, शाळांना ते लागू. पण इंग्लंडमधल्या बहुतेक माध्यमिक शाळा आता अकॅडमी आहेत, ट्रस्ट चालवतात, आणि अकॅडमींना स्वतःच्या अटी ठेवता येत आल्या आहेत. बरेच ट्रस्ट हाच दस्तऐवज पाळतात, काही थोडा बदलून पाळतात. तुमच्या करारात १२६५ चा आकडा आहे म्हणजे पाळत असावेत, पण त्या दस्तऐवजाचं नाव करारात स्पष्ट आहे का ते शोधा. नुसता आकडा उचललेला असेल आणि बाकीची कलमं नसतील, तर खाली लिहिलेलं संरक्षण तुम्हाला आपोआप मिळेलच असं नाही.

आता त्या संरक्षणाबद्दल. 'पीपीए' हा शब्द लक्षात ठेवा. नियोजन, तयारी आणि तपासणीसाठी वेळापत्रकात राखून ठेवलेला वेळ, तुमच्या शिकवण्याच्या वेळेच्या किमान १० टक्के. आठवड्याला २० तास शिकवत असाल तर दोन तास. तो शाळेच्या वेळातच द्यायचा, अर्ध्या तासाहून लहान तुकडे पाडायचे नाहीत, आणि त्या वेळात तुम्हाला दुसऱ्याच्या वर्गावर पाठवता येत नाही. आपल्या 'ऑफ तासा'शी याची गल्लत करू नका. आपल्याकडे ऑफ तास म्हणजे शिपाई प्रॉक्सीची वही घेऊन दारात उभा राहीपर्यंतचा वेळ. मी पहिल्या सहामाहीत कुणी सांगितलं की लगेच उठून जायची, इतकी की एक तरुण सहकारी मला म्हणाली, तू गेलीस की उद्या मलाही जावं लागेल. तेव्हा समजलं की माझा भलेपणा दुसऱ्याच्या हक्कावर पाय देतोय. अचानक कुणी गैरहजर राहिलं तर बदली तास घ्यावा लागू शकतो, पण क्वचित, असंच दस्तऐवजात म्हटलंय.

जेवणाच्या सुट्टीत मुलांवर देखरेख करायची सक्ती नाही. शनिवार, रविवार किंवा सार्वजनिक सुट्टीला बोलवायचं तर करारात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं, म्हणून तुमच्या करारात 'शनिवार' शब्द येतोय का ते बघाच. पैसे गोळा करणं, ढीगभर झेरॉक्स काढणं, भिंती सजवणं ही कामं शिक्षकाची नव्हेत, हे तिथे सरकार आणि शिक्षक संघटनांच्या २००३ च्या राष्ट्रीय करारात ठरलं. आपल्याकडे फीसाठी पालकांना फोन, गॅदरिंगच्या कपड्यांचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं वर्गशिक्षकाच्या गळ्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये असं म्हटलंय, पण शाळेच्या आतल्या असल्या कामांना कोण विचारतो.

रजेचं वेगळं सांगते, कारण घरच्यांना ते आधी समजावून ठेवावं लागतं. किरकोळ रजा हा प्रकार तिथे नाही. सुट्ट्या भरपूर, पण शाळेच्या ठरतील तेव्हाच. मोठी सुट्टी जुलैअखेर ते ऑगस्टअखेर. मे महिन्यात बहिणीचं लग्न निघालं तर मुख्याध्यापकांच्या मर्जीवर, बहुधा एखादा दिवस, तोही बिनपगारी. माझ्या चुलतभावाच्या लग्नाला मी व्हिडिओ कॉलवर होते. दिवाळी आणि त्यांची ऑक्टोबरची आठवडाभराची सुट्टी जुळली तर नशीब. आजारपणाच्या रजेचे नियम मात्र चांगले आहेत, ते करारात सापडतील.

नोकरी सोडायचं गणितही वेगळं. महिन्याची नोटीस दिली आणि निघालो, असं नसतं. साधारणपणे ३१ ऑक्टोबरपर्यंत राजीनामा दिला तर डिसेंबरअखेर सुटका, फेब्रुवारीअखेर दिला तर ईस्टरनंतर, ३१ मेपर्यंत दिला तर ३१ ऑगस्टला. तारीख चुकली की पुढचं सत्र काढावं लागतं. तुमचा व्हिसा त्याच शाळेशी बांधलेला असणार, त्यामुळे दुसरी शाळा हातात आल्याशिवाय राजीनामा लिहूच नका.

पगाराबद्दल एकच, पण महत्त्वाचं. मी आले तेव्हा परदेशी शिक्षकाला क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा, नसताना चार वर्षं शिकवता यायचं, पण पगार 'अनक्वालिफाइड' श्रेणीचा. काम तेच, वह्या तितक्याच, पैसे कमी. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो, ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांना. तुम्ही नेमके त्यात बसता. बी.एड.ची आणि पदवीची कागदपत्रं, शाळेचा अनुभवाचा दाखला आत्ताच गोळा करा. शाळा दाखला द्यायला रेंगाळेल, तेव्हा राजीनाम्याचं बोलायच्या आधी मागा. आणि करारात पगाराची श्रेणी कुठली लिहिलीय ते बघा. 'मेन पे रेंज', म्हणजे पात्र शिक्षकांची श्रेणी, असेल तर ठीक. 'अनक्वालिफाइड' असेल तर क्यूटीएस मिळताच श्रेणी बदलेल हे लेखी घ्या.

शाहूपुरीतला एजंट नोंदणीचे म्हणून पैसे मागतोय असं तुम्ही लिहिलंय. इंग्लंडच्या १९७३ च्या कायद्यात नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला एजन्सींना बंदी आहे. ऑफर थेट शाळेची असेल तर मध्ये हा माणूस हवाच कशाला, हे घरी बसून विचार करा. एक रुपया देऊ नका.

राहिली शिकवण्यांची गोष्ट. तुम्ही संध्याकाळी पाचला घरी पोचाल तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतील, उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे. दहावीचं पोर त्या वेळी काय शिकणार? पहिलं वर्ष तरी त्यावर घरखर्चाचा हिशोब मांडू नका. वहिनींनाही हे आत्ताच सांगा, कारण पहिल्या सत्रात रविवार दुपारसुद्धा तयारीत जाते.

रुजू व्हाल त्याच आठवड्यात युनियनचं सदस्य व्हा, एनईयू किंवा एनएएसयूडब्ल्यूटी, शाळेत ज्यांचा प्रतिनिधी असेल ती. भांडण सुरू झाल्यावर जाऊन चालत नाही.

आजच ईमेल करा सर. कॅलेंडर आलं की फोटो काढून मला पाठवा, करारातलं कामाच्या वेळेचं पानही पाठवा. रविवारी तुमच्या दुपारी मी मोकळी असते, फोनवर बसून दोघं मिळून बेरीज करू.