वाचक विचारतात : हाँगकाँगच्या डिमसमविषयी

प्रश्न : शनिवार-रविवार आम्ही चौघं हाँगकाँगमध्ये आहोत. डिमसम खायला कधी जावं आणि मागवावं कसं? (ठाणे)

उत्तर : डिमसम म्हणजे बहुतेक करून छोट्या टोपल्यांत वाफवून येणारे लहान-लहान पदार्थ; तो सकाळी किंवा दुपारीच खायचा. या बैठकीला तिथे ‘याम चा’ म्हणतात, म्हणजे ‘चहा पिणं’. रविवारी आजी-आजोबांसकट अख्खी कुटुंबं येतात आणि साडेअकरा ते दीडपर्यंत टेबल मिळणं अवघड असतं. म्हणून डिमसम शनिवारी उरका. सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेससारख्या, ढकलगाडीवरून टोपल्या फिरवणाऱ्या जागी जायचं असेल, तर दार उघडायच्या आधीच रांगेत उभे राहा. बाकी बऱ्याच ठिकाणी हल्ली कागदावर खुणा करून मागवतात.

बसताच चहा कोणता ते विचारतील. ‘बो लेई’, म्हणजे काळसर प्युएर घ्या; डुकराच्या चरबीचे पदार्थ त्याच्यासोबत जड वाटत नाहीत. चहासोबत रिकामं भांडं आलं तर ते वाट्या-काड्या पहिल्या गरम चहाने विसळायला असतं. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण तिरकं ठेवा. कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं, हेच तिथलं ‘आभारी आहे’.

सगळं एकदम मागवू नका, चूक होते ती इथेच. हार गाव (कोळंबीची पारदर्शक पुडी) गार झाली की तिचं आवरण चिवट होतं, टोपलीला चिकटतं आणि उचलताना फाटतं. आधी चार-पाच टोपल्या, त्या संपत आल्या की पुढच्या. हार गाव आणि सिउ माय (डुकराचं मांस व कोळंबीची उघड्या तोंडाची पुडी) एका टोपलीत बहुधा चार-चार येतात, ‘चार सिउ बाव’ (भाजलेलं डुकराचं मांस भरलेला वाफवलेला पाव) मात्र तीनच. चौघांसाठी त्यांच्या दोन टोपल्या सांगा. बिलात माणशी चहाचे पैसे आणि दहा टक्के सेवाशुल्क दिसेल. ती चूक नव्हे, तिथली रीतच आहे.

प्रश्न : आमच्यात दोघी शाकाहारी आहेत. (नाशिक)

उत्तर : नावावरून अंदाज बांधू नका. लो बाक गो हा मुळ्याचा केक दिसायला निरुपद्रवी, पण त्यात सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतं. भाजीच्या पुडीच्या आवरणातही डुकराची चरबी असू शकते. ‘भाजी आहे का’ असं विचारून भागत नाही. ‘चाय’ हा शब्द वापरा, यातला च ‘चावी’तला. याचा अर्थ बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो, पण मुळ्यासारखी कंदमुळं असू शकतात; जैन वाचकांनी तेवढं विचारून घ्यावं. हाँगकाँग पार्कमधल्या लॉक चा टी हाउसचा डिमसम पूर्ण शाकाहारी आहे. लांताऊ बेटावरच्या पो लिन मठातही शाकाहारी जेवण मिळतं.

प्रश्न : घरी हार गाव केले, पण आवरण फाटतं आणि पांढरंच राहतं. (कोल्हापूर)

उत्तर : मैदा वापरला असणार. मैद्यातल्या ग्लूटेनमुळे आवरण पारदर्शक होत नाही. इथे लागतो गव्हाचा स्टार्च. कुरडईच्या चिकात तळाला बसतो तोच, फक्त वाळवलेला. १०० ग्रॅम गव्हाचा स्टार्च, ५० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, चिमूटभर मीठ. पाणी साधारण १५० मिली, पण खळखळतं. ते एकदम ओता, भराभर ढवळा, पाच मिनिटं झाका, मग एक चमचा तेल लावून मळा. मोदकाच्या उकडीसारखंच आहे हे: पाणी कोमट असेल तर स्टार्च फुलत नाही आणि पारी चिरते. गोळे ओल्या फडक्याखाली ठेवा, पारी तेल लावलेल्या सुरीच्या पात्याने दाबून पसरा. मोठ्या वाफेवर पाच-सहा मिनिटं पुरतात. जास्त ठेवलंत तर आवरण फुटतं आणि कोळंबी रबरासारखी होते.

प्रश्न : व्हिसा लागतो का? (पुणे)

उत्तर : भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, पण २०१७पासून आगमनपूर्व नोंदणी ऑनलाइन करावी लागते. ती मोफत आहे आणि सहा महिने चालते. नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा आणि मगच तिकीट काढा.