सीएंचं पत्र ट्रस्टी का घेत नाहीत?

प्रश्न : कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्यात ११ वर्षं नोकरी करून मी पुण्याला परतलो. तिथलं पेन्शन ६५व्या वर्षी सुरू होईल, पगार आणि सेवेच्या वर्षांवर ठरलेलं. त्याऐवजी ४६,००० पौंड दुसऱ्या पेन्शन खात्यात वळवता येतील, पण ट्रस्टी ब्रिटनमधल्या परवानाधारक सल्लागाराचा दाखला मागतात. आमचे सीए पत्र द्यायला तयार आहेत. एक एजंट म्हणतो, दोन तुकड्यांत काढा, दाखला लागतच नाही.

उत्तर : सीए कितीही घरोब्याचे असले तरी त्यांच्या पत्राचा इथे उपयोग नाही. माझ्याही नाही. तिथल्या २०१५ च्या पेन्शन स्कीम्स अ‍ॅक्टचं कलम ४८ सांगतं, की हमीचं पेन्शन सोडून रक्कम हमी नसलेल्या खात्यात न्यायची आणि तिची किंमत ३०,००० पौंडांच्या वर असेल, तर आधी सल्ला घेतलाच पाहिजे. सल्लागाराकडे एफसीएची, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामक संस्थेची, परवानगी हवी, तीही खास पेन्शन हस्तांतराच्या सल्ल्याची. सेबीची नोंदणी तिथे चालत नाही. तुम्ही भारतात राहता म्हणून सूटही नाही.

एजंटचं म्हणणं खोटं आहे. त्या योजनेतल्या तुमच्या सगळ्या हमीच्या हक्कांची एकत्रित किंमत धरतात, तुकड्याची नाही. अशा माणसाला कागदपत्रं पाठवू नका.

आता खरी मेख. सल्ल्याबाबत ट्रस्टी फक्त तो घेतलात का, एवढंच तपासतात. सल्ला ‘नको’ असा असला तरी कायदा आडवा येत नाही. पण ज्या नव्या पेन्शन खात्यात पैसे न्यायचे, ती कंपनी बहुधा अशा ग्राहकाला दारात उभं करत नाही. आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ‘हस्तांतर झालं तरच फी’ हा प्रकार, गंभीर आजार किंवा आर्थिक ओढाताण असे अपवाद सोडता, बंद आहे. म्हणजे ‘नको’ ऐकायलाही फी भरावी लागेल.

‘नको’ ऐकण्याची शक्यताच जास्त, कारण बहुतेकांसाठी असं हस्तांतर योग्य नसतं, असं एफसीएच मानते. २०१७ च्या सुमारास ब्रिटिश स्टीलच्या, म्हणजे टाटांच्या तिथल्या पोलाद कारखान्यांच्या, सुमारे ८,००० सभासदांनी पेन्शन बाहेर काढलं. एफसीएने पुढे नमुन्यादाखल तपासलेल्या प्रकरणांत जवळपास निम्म्यांना चुकीचा सल्ला मिळाला होता. परवाना असूनही, बरं का.

हस्तांतराच्या रकमेची हमी साधारण तीनच महिने असते, तेव्हा पत्रावरची तारीख बघा. फी भरण्याआधी ट्रस्टींना लेखी विचारा : ६५व्या वर्षी दरवर्षी किती मिळेल, महागाईबरोबर किती वाढेल, माझ्यामागे पत्नीला किती, आणि भारतातल्या खात्यात जमा कराल का? ही उत्तरं आली की ती वहिनींसमोर ठेवा. त्यांचा वाटा त्यात आहे.